मुकादमाचा पाइप आणि आत्याचं खाजण

पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो आणि त्या पोकळ देठाला एक खरं तोंड आणि एक खोटं तोंड असतं, हे ज्ञान मला माझ्या थोरल्या काकाने दिलं. आम्ही भाईंदरजवळच्या मुर्ध्याची माणसं. सकाळी ताडाखाली ताजी नीरा प्यायला बसलं की पपईचा देठ तोडायचा, दोन्ही टोकं कापायची आणि लोट्यात बुडवून ओढायचं, ही आमच्याकडची रीत. काका यायचा, तुमच्या ओठांतला देठ काढून घ्यायचा, उलटा फिरवायचा आणि परत द्यायचा.

"उलटी धरलीस पोरी. नळीला तोंड असतं, शेपूट असतं. तोंडानं घ्यायचं, शेपटानं सोडायचं."

नीरा दोन्हीकडून सारखीच यायची. तसं कोणी म्हटलंच तर काका डोळे बारीक करायचा. "तुला सारखी वाटते. नळीला वाटत न्हाय."

नळीला काय वाटतं हे कळणारा तो भाईंदरपासून उत्तनपर्यंतच्या पट्ट्यातला एकमेव मनुष्य होता. बाकीच्यांना आपापल्या बायकांना काय वाटतं तेही कळत नव्हतं, त्यामुळे गावात त्याचा दबदबा होता.

पेशाने तो एका गुजराती शेठच्या मिठागरावर मुकादम. खाकी अर्धी चड्डी, हातात छत्री, डोक्यावर शेठने टाकून दिलेली सोला हॅट. सोला हॅट आतून पोकळ असते, म्हणजे डोकं आणि टोपी यांच्यामध्ये हवा खेळते. काकाच्या बाबतीत ही सोय टोपीच्या खालीही केलेली होती. आता तुम्ही म्हणाल, सख्ख्या काकाबद्दल ही काय भाषा. आमच्यात काकाला अहोजाहो करत नाहीत, आणि करत असते तरी मी केलं नसतं. शिवाय पोकळ असणं ही काही शिवी नाही. बांबू पोकळ असतो म्हणून वाऱ्यात टिकतो. बगळ्याचं हाड पोकळ असतं म्हणून बगळा उडतो. फुंकणी पोकळ असते म्हणून चूल पेटते. पोकळ वस्तूतून काहीतरी ये-जा करतं, हा तिचा मोठा गुण. काकाच्या डोक्यातून काहीच ये-जा करत नसे.

ही गोष्ट सत्तरच्या आसपासची. मी तेव्हा भाईंदरच्या एका प्राथमिक शाळेत नुकती मास्तरीण झाले होते आणि मुर्ध्याहून रोज चालत जात होते. आज जिथे बेव्हर्ली पार्क नावाच्या इमारतींत लोक गॅलरीत उभे राहून चहा पितात, तिकडच्या बाजूला तेव्हा नजर जाईल तिथवर चिखल, मीठ आणि भात होता. एका बांधाच्या या बाजूला भात, त्या बाजूला मीठ. आमची अर्धी जात खाडीला आत बोलवून पोट भरायची आणि उरलेली अर्धी खाडीला बाहेर ठेवून. आमच्या घरात दोन्ही धंदे होते. काका मिठाकडचा, माझे वडील आणि आत्या भाताकडचे.

आत्या ही काकाची धाकटी बहीण आणि वडिलांची थोरली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, माहेरी परतली. आजोबांनी मरायच्या आधी गावच्या चार म्हाताऱ्यांसमोर तिला खाडीलगतचं एक खाजण देऊन टाकलं. खाजण म्हणजे बांध घालून खाडीपासून सोडवलेली भातजमीन. कागद नव्हता, शब्द होता, आणि शब्दाला अट होती. आत्या जोवर त्यात भात काढील तोवर खाजण तिचं. पडीक राहिलं तर भावांकडे परत. आमच्याकडे जमीन द्यायची तर अशीच द्यायचे, एक हात देताना दुसरा हात पदराशी.

आत्याने त्या खाजणावर वर्षानुवर्षं असं प्रेम केलं की लाज वाटावी. बांधावरून चालताना ती खाली बघत चालायची आणि चिंबोरीचं बीळ दिसलं की टाचेने दाबून बुजवायची. चिंबोरी बांधात जी नळी कोरते तिच्याएवढी धोकेबाज नळी जगात नाही. बाहेरून बोट जाईल एवढं तोंड, पण उधाणाला तिच्यातून खाडी शिरली की सकाळी बांधाला खिंडार. आत्या ती बिळं बुजवताना चिंबोऱ्यांना ज्या शिव्या द्यायची त्या मी शाळेत मुलांना अजिबात शिकवल्या नाहीत, ती आपापली शिकून आली होती.

आणि बांधाच्या पोटात होता आजोबांनी बसवलेला ताड. अख्खं ताडाचं खोड, आतला मऊ गाभा खरवडून काढलेलं, नुसती काळी टणक साल उरलेली. पाणी जायला एवढी चांगली नळी निसर्गाने आयती करून ठेवली होती, आजोबांनी फक्त आतलं भुसकट काढलं. खाडीकडच्या टोकाला वरून टांगलेली लाकडी झडप. पावसाचं पाणी शेतात जास्त झालं की ओहोटीला आतून ढकलून झडप उघडायचं आणि बाहेर पळायचं. भरती आली की खाडीच ती झडप बाहेरून दाबून बंद करायची. खाडीला बाहेर ठेवायचं काम खाडीकडूनच करून घ्यायचं, तेही फुकट. याहून हुशार नोकर मी पाहिला नाही. काही बोलत नव्हता, हा आणखी एक गुण.

हा ताड काकाच्या डोळ्यांत खुपायचा.

"लाकूड," तो तुच्छतेने म्हणायचा. "कुजकं लाकूड. कंच्या जमान्यात जगतेस बाय? लोखंडाचा पाइप टाक."

"माजा ताड बरा हाय, दादा."

"ताड बरा हाय म्हणे. त्याच्यात वाम राहते. परवा मी शेपूट बघितली."

"राहू दे. भाडं मागत न्हाय ती, नि सल्लाही देत न्हाय."

पण एका वैशाखात ताड मधोमध खचला. लाकूड शेवटी लाकूडच, इतकी वर्षं चिखलात पडून आणखी काय करणार. काकाला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही. जवळच्या नात्यात मयत झाली असताना माणूस इतका खुश नसावा. त्याच दुपारी तो मिठागरावरून बैलगाडीत घालून पाइप घेऊन आला. बिडाचा, जाडजूड, शेठच्या आगरातून काढून टाकलेला. शेठ म्हणाला होता, "मुकादम, ये तो निकम्मा हो गया, ले जाओ." काकाने गावात सांगितलं, शेठनं बक्षीस दिलं. पाइपाच्या एका टोकाला लोखंडी झडप बोल्टांनी पक्की बसवलेली होतीच. आयता, तयार.

आता नीट ऐका, कारण सगळा तमाशा या झडपेत आहे. मिठागराचा पाइप आणि खाजणाचा पाइप दिसायला एकच. फरक एवढाच, की खाजणात झडप खाडीच्या अंगाला असते, म्हणजे शेतातलं पाणी बाहेर जातं आणि खाडी आत येत नाही. मिठागरात झडप आतल्या अंगाला असते. भरती ती ढकलून आत शिरते आणि ओहोटीला आतलं पाणी ती दाबून धरतं. समुद्राला घरात घ्यायचं आणि दार लावायचं. काकाने आयुष्यभर हेच केलं होतं. त्याचे हात समुद्राला आत घ्यायला शिकले होते. आणि तो पाइपसुद्धा जन्मभर खाडी आत घेणारा. दोघे एकमेकांना शोभत होते.

बांध खणला गेला. खचलेला ताड बाहेर ओढला, त्यातून खरोखरच एक वाम, सापासारखी लांब मासळी, निघाली आणि ती आत्याने शांतपणे पदराखाली घेतली. गावातली तमाम तज्ज्ञ मंडळी बांधावर उकिडवी बसली होती. आमच्या गावात कोणतंही काम दोन जण करायचे आणि वीस जण समजून घ्यायचे. काकाने छत्रीने हवेत रेघ ओढून पाइपाची दिशा दाखवली, गड्यांनी पाइप सरकवला, वर चिखल आणि दगड रचले, काकाने नारळ फोडला. झडप शेताच्या बाजूला.

आत्या वाकून बघत होती. "दादा, झडप आत आली."

"मग?"

"बाच्या ताडाची तर बाहेर होती."

काका हसला. ते हसू मला अजून आठवतं. अज्ञानी लोकांबद्दलची करुणा त्यात काठोकाठ होती. "बाय, किती वर्षं पाइप बसवतोय मी? तुजा जन्म व्हायच्या आधीपासून. नळीला तोंड असतं, शेपूट असतं."

"पन खाडी कुठनं येते?"

"खाडी खाडीकडनंच येते," काका म्हणाला, आणि तज्ज्ञ मंडळी समाधानाने मान हलवत उठली. एवढं सुस्पष्ट उत्तर मिळाल्यावर बसून काय करायचं.

माझे वडील तिथेच होते. त्यांना दिसत होतं. त्यांना नेहमीच सगळं दिसायचं, आणि दिसलं की ते विडी पेटवायचे. मी म्हटलं, "बाबा, सांगा ना." ते म्हणाले, "थोरल्यांनी बसवलंय." हे वाक्य आमच्या घराण्याचं बोधचिन्ह म्हणून दारावर कोरायला हरकत नव्हती.

पुढच्या पौर्णिमेला उधाण आलं आणि खाडी त्या पाइपातून आत आली. घरंदाज पाहुण्यासारखी आली, न बोलावता, पण रस्ता माहीत असल्यासारखी. पाइपाने घसा मोकळा केल्याचा आवाज काढला, झडप आत उघडली, पाणी आलं, ओहोटी लागली आणि झडप टपकन बंद झाली. सकाळी खाजणात आरशासारखं पाणी. वर आकाश, खाली खाडी, मध्ये आत्या.

आत्या रडली नाही. तिने एक गोणपाट गुंडाळून पाइपाच्या तोंडात कोंबलं. काका मिठागरावरून येताना ते बघून थांबला, चप्पल काढून खाली उतरला आणि ते उपसून बाहेर फेकलं.

"पाइपाच्या तोंडात गोणपाट? कुनाची अक्कल ही?"

"माजी," आत्या म्हणाली. "पाइप उलटा हाय, दादा."

"पाइप उलटा नसतो. पानी उलटं असतं."

हे वाक्य त्याने इतक्या ठाम आवाजात म्हटलं की क्षणभर मलाही पाण्याचा संशय आला.

त्याच्या मनात कपट होतं का, असं मला पुढे अनेकांनी विचारलं. खाजण पडीक राहिलं की त्याच्याकडे येणार होतं, त्यामुळे लोकांना शंका येणं साहजिक. मी स्पष्ट सांगते, नव्हतं. काकावर कपटाचा आरोप करणं म्हणजे त्याला फुकटची बुद्धी बहाल करणं. तो मनापासून, निर्मळपणे, स्वच्छ अंतःकरणाने मूर्ख होता. उलटा पाइप बसवताना त्याच्या मनात बहिणीविषयी माया होती, आणि पाइप उलटा आहे हे कळल्यावर त्याच्या मनात फक्त स्वतःविषयी माया उरली. बहिणीची जमीन जाईल की आपला शब्द जाईल एवढाच प्रश्न होता, आणि त्याला तो फार अवघड वाटला नाही.

पावसाळा आला तेव्हा तर गंमत आणखी वाढली. वरून पडणारं पाणी आत साचायचं आणि ते बाहेर जाऊ पाहायचं, की झडप त्याला घट्ट धरून ठेवायची. म्हणजे खाडी आत येऊ शकत होती आणि पाऊस बाहेर जाऊ शकत नव्हता. मुद्दाम ठरवूनही कोणाला इतकं पूर्ण नुकसान करता आलं नसतं. आजूबाजूच्या शेतांत आवणी चालली होती, बायका वाकून रोपं लावत होत्या, गाणी म्हणत होत्या. आत्याच्या खाजणात बगळे उभे होते. आत्या ओहोटीला मांडीभर पाण्यात उतरायची आणि बांबूने ती झडप उचलून धरायची, पाणी जरा जायचं, पण खार जमिनीत गेला तो गेला. तिने रोपं तयार करून ठेवली होती, ती पिवळी पडली, मग तिने ती गाईला घातली.

मात्र खाजण रिकामं राहिलं नाही. खाडीबरोबर कोळंबी आली, बोय आले, निवट्या आल्या. निवटी हा मासा चिखलात बीळ करून राहतो आणि चिखलावर चालतो, त्याला मासा म्हणावं की नाही हे त्याचं त्यालाही ठरवता आलेलं नाही. गावातली तीच तज्ज्ञ मंडळी आता संध्याकाळी हातजाळी घेऊन आत्याच्या शेतात उतरायला लागली. परवानगी मागायची पद्धत नव्हती. वर काकाला म्हणायची, "मुकादम, काय पाइप टाकलाय." काका छत्री टेकून बांधावर उभा राहायचा आणि नम्रपणे मान डोलवायचा.

"बघ बाय," तो आत्याला म्हणाला. "भातात काय ठेवलंय? कोळंबी खा."

"कोळंबी सगले खातात, दादा. जमीन माजी जाते."

"जाते कुठं? हितंच तर हाय."

नवरात्राच्या सुमारास शेठ स्वतः आला. पांढरं धोतर दोन बोटांनी वर धरून बांधावर उभा राहिला आणि खाजण बघून मनापासून खुश झाला. "अरे मुकादम, ये तो मेरे आगर से अच्छा आगर बन गया. इसको जोड दो ना."

झालं. तोवर काकाने फक्त चूक केली होती, आता त्या चुकीला भविष्य मिळालं. घरी येऊन त्याने जाहीर केलं की यंदा भात निघाला नाही, बाच्या शब्दाप्रमाणे खाजण भावांकडे आलं, तरी बहीण आहे म्हणून आणखी एक पावसाळा थांबतो. पुढच्या वर्षीही भात नसेल तर बांध फोडून आगराला जोडायचं. माझ्या वडिलांनी विडी पेटवली. मला त्या रात्रीच्या भाकरीचीही आठवण नाही, फक्त आत्या मिश्री लावत कोपऱ्यात बसली होती आणि तिचे दात काळे होते आणि ती हसत होती, एवढं आठवतं. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

तिचं डोकं फिरलं नव्हतं. तिला पाइप फिरवायचा होता आणि काकाला सांगून तो फिरणार नाही हे तिला कळलं होतं. ती महिनोन् महिने त्याला "पाइप उलटा हाय" असं सांगत होती आणि दर वेळी तो पाइप आणखी सरळ होत होता. त्या दिवसापासून आत्याने "उलटा" हा शब्द तोंडातून काढला नाही.

मिठागरावर दिवाळीनंतर हंगाम सुरू व्हायचा. आगराची पूजा व्हायची आणि त्या दिवशी जुने पाइप पालटायचे. ही तिथली रीतच होती. लोखंड खाऱ्या पाण्यात एका टोकाने जास्त झिजतं, म्हणून दोन-चार वर्षांनी पाइप उकरून टोकाचं टोक फिरवायचं, आणि लोहाराकडून झडप काढून परत योग्य टोकाला लावून घ्यायची. काकाला या दिवसाचं फार अप्रूप. तो त्यावर भाषण करायचा. "लोखंड एका कुशीवर झोपलं की सडतं. त्याला कूस बदलून द्यावी लागते. म्हाताऱ्या माणसासारखं."

त्या वर्षी पूजेला आत्या मिठागरावर गेली. सोबत मला नेलं आणि एक टोपली भरून घावणे. शेठ खाटेवर बसला होता, गडी रांगेत, काका सोला हॅट घालून मधोमध. आत्याने सगळ्यांना वाढलं आणि मग भर मंडळीत काकापुढे हात जोडले. ती बाई आयुष्यात नाटकात उभी राहिली नाही, ही रंगभूमीची हानी आहे.

"दादा, माज्यावर एक उपकार कर."

"काय?"

"तुज्या आगरातल्या पाइपांची तू एवढी काळजी घेतोस. माज्या खाजणातला पाइप काय परका हाय? तोपन तुज्याच हातचा. सहा महिने एका कुशीवर पडलाय बिचारा. त्याला पालटून दे."

काका विचारात पडला. म्हणजे त्याने चेहरा विचारात पडल्यासारखा केला. "सहा महिन्यांत पालटायची गरज नसते."

"माज्या खाजणातलं पानी लई खारट हाय, दादा. गोरं गोमटं लोखंड काळं पडायला लागलंय. सडला तर लोक म्हनतील, मुकादमानं बहिणीला सडका पाइप दिला."

शेठ घावणा खाता खाता म्हणाला, "अरे कर दो ना मुकादम. बहन बोल रही है."

बहिणीचं त्याने सहा महिने ऐकलं नव्हतं. शेठ बोलल्यावर मात्र ते ऐकणं भाग पडलं. काका उठला, छत्री उघडली आणि गड्यांना घेऊन निघाला. मी आत्याकडे बघितलं. ती घावण्यांची टोपली झाकत होती आणि कोणाकडेच बघत नव्हती.

बांध उकरला. पाइप निघाला, गड्यांनी दोर लावून त्याला फिरवलं. तोच पाइप, तीच झडप, आता ती खाडीच्या अंगाला. काका म्हणाला, "आता झडप काढून ह्या टोकाला लावा." गडी बोल्टांना भिडले. बोल्ट सहा महिन्यांच्या खाऱ्या चिखलाने असे गंजले होते की फिरत नव्हते, आणि लोहार मिठागरावर राहिला होता. कोणी म्हणालं, लोहाराला बोलवा. कोणी म्हणालं, छिन्नी आणा. बांधात मोठं भगदाड होतं आणि खाडी चढायला लागली होती.

आत्याने नारळ पुढे केला. "दादा, मुहूर्त चाललाय. झडपेचं मागनं बघू. आदी नारळ फोड, तू फोडलास की पाइप बसला."

नारळ समोर आला की काकाला बाकी काही सुचत नसे. त्याने नारळ हातात घेतला, दगडावर आपटला, पाणी पाइपावर शिंपडलं, गड्यांनी भराभर चिखल लोटला. बांध बंद झाला तेव्हा भरती पाइपापर्यंत पोचली होती.

आणि तिने झडप दाबून बंद केली.

काका ते बघत होता. आम्ही सगळे त्याला बघत होतो. गडी, तज्ज्ञ मंडळी, माझे वडील हातात न पेटलेली विडी धरून. खाडी बाहेर उभी, आत एक थेंब येत नाही. त्याने एकदा झडपेकडे आणि एकदा शेताकडे बघितलं, आणि माझी खात्री आहे की त्याला कळलं. पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचं. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला आणि मला एक क्षण वाटलं, हा माणूस आता खरं काहीतरी बोलणार.

"हां," तो म्हणाला. "आता मुरला."

"काय मुरला?" वडिलांनी विचारलं.

"पाइप. नवीन ठिकाणी पाइप एकदम सरळ बसवायचा नसतो. एक पावसाळा उलटा ठेवून खाऱ्या पाण्यात मुरवायचा. मग पालटायचा. आता हा तुमच्या नातवांपर्यंत हलत न्हाय." मग आत्याकडे वळून म्हणाला, "म्हणून तुला सांगत होतो, धीर धर."

आत्याने पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "तुजंच खरं, दादा." आवाजात एक सुरकुती नाही. तज्ज्ञ मंडळी उठली, आणि त्यातल्या दोघांनी पुढच्या वर्षी आपापल्या बांधात पाइप आधी उलटा बसवला, हे मी तुम्हाला सांगितलं नाही तर माझ्यावर गावाचा अपमान केल्याचा आरोप येईल.

त्या पावसाळ्यात आत्या ओहोटीच्या वेळी बांधावर बसून राहायची. आतलं पाणी झडप ढकलून बाहेर जायचं, फेसाळ, थोडं थोडं मीठ घेऊन. पाऊस वरून धुवायचा, पाइप बाहेर ओतायचा, खाडी येऊन दार लावायची. आत्याने खारात तग धरणारा लाल भात पेरला. सगळीकडे आला नाही, मध्ये मध्ये टक्कल राहिलं, पण आला. अटीत भात किती ते म्हटलेलं नव्हतं, भात म्हटलं होतं. दसऱ्याच्या पुढे तो कापला, झोडला, आणि आत्याने गावच्या त्याच म्हाताऱ्यांना, जे उरले होते त्यांना, नव्या भाताच्या जेवणाला बोलावलं. काकाला पाटावर मधोमध बसवलं.

नव्याचा पहिला घास थोरल्याने घ्यायचा असतो. सगळे थांबले. लाल, जाड, वाफाळणारा भात, त्यावर बोयाचं कालवण, ते बोयही गेल्या वर्षी आलेल्यांचे कोणी नातेवाईक असावेत. काकाने घास घेतला, चावला, डोळे मिटले. आत्या भांडं हातात धरून उभी होती. वर्षभर ती त्याच्या तोंडाकडे ज्या आशेने बघत होती, त्याच आशेने, सवयीने.

"भात बरा हाय," काका म्हणाला. "मीठ कमी पडलं."

म्हाताऱ्यांपैकी एकाला ठसका लागला. माझ्या वडिलांनी पहिल्यांदाच भर पंगतीत हसण्याचं धाडस केलं आणि त्याचा खोकला केला. आत्याने शांतपणे मिठाचा डबा काढला, मूठ भरली आणि काकाच्या पानात एका बाजूला ढीग घातला.

"घे दादा," ती म्हणाली. "तुज्याच आगरातलं हाय."

काकाने ते भातात कालवून घेतलं आणि सगळं संपवलं.